परग्रहावरचा पावणा आणि पुरातली सुमन: भरत जाणारी जखम कशी लिहावी

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सरकारी अर्ज, मराठी आणि कन्नड दोन्ही. अलीकडे त्यात कादंबऱ्यांची भर पडली आहे. मोबाइलवर भागाभागाने टाकायच्या असतात. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. वही आणून देतात, नाहीतर व्हॉट्सॅपवर आवाज पाठवतात, मी टाइप करून देते. परग्रहावरचा प्रियकर हा प्रकार सध्या जोरात आहे आणि मला तो आवडतो, मीही तसलंच लिहिते. माझी तक्रार एका ठरावीक पानाशी आहे. नायिकेवर पूर्वी काहीतरी भयंकर गुजरलेलं असतं. ती कुणाला जवळ येऊ देत नाही. मग तो आकाशातून उतरतो, तिच्या कपाळावर हात ठेवतो, निळा प्रकाश पडतो आणि सगळं दुःख धुऊन निघतं. पुढच्या भागात हळद.

तो निळा प्रकाश आधी काढून टाका. तुमच्या वाचकांत असं काही सोसलेली बाई असतेच, आणि त्या पानावर ती मोबाइल बाजूला ठेवते. शिवाय कथेचंही नुकसान होतं: सगळं काम त्याने केलं, ती नुसती कपाळ पुढे करून बसली. प्रेमाने जखम बरी होत नाही. प्रेम करणारा माणूस (किंवा जो काही प्राणी असेल तो) थांबू शकतो, विचारू शकतो, अडाणी राहू शकतो. बाकीचं तिला करावं लागतं आणि त्यातलं बरंच त्याच्या गैरहजेरीत. हे कसं लिहायचं ते एका कथेच्या आधाराने सांगते. नायिका सुमन, चिकोडीकडची.

घाव नेमका ठरवा

‘तिचा भूतकाळ काळोखा होता’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. कुठला दिवस, कुठलं गाव, हातात काय होतं, हे तुम्हाला माहीत हवं. वाचकाला नंतर कळलं तरी चालेल.

सुमनचा दिवस 2019 च्या ऑगस्टमधला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम चढल्या आणि चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाडकडच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, तो आठवडा. पंचमीचा सण होता. माहेरवाशिणी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले. सुमनही माहेरी आलेली. रात्री गोठ्यात पाणी आलं तेव्हा ती म्हशीचं दावं सोडायला गेली आणि ते सुटलं नाही.

मी मुद्दाम म्हैस घेतली. पूर ओसरल्यावर त्या भागातल्या नातेवाइकांचे भरपाईचे अर्ज मी टाइप केले होते. बायका भिंत, भांडी, कणगी, कडबा घडाघडा सांगायच्या आणि जनावराशी आल्या की थांबून पाणी मागायच्या. तेवढं थांबणं मी कथेसाठी उचललं.

आता त्या रात्रीच्या खुणा निवडा. नवखे लेखक पुराच्या बाईला पाण्याची भीती देतात. देऊ नये असं नाही, खरं ती पहिली सुचणारी गोष्ट आहे. धक्का बसताना मेंदू नीट गोष्ट साठवत नाही, तुकडे साठवतो: एक वास, एक आवाज, बोटांना लागलेलं काहीतरी. ते तुकडे पुढे भलत्याच ठिकाणी वर येतात. सुमनला नळाचं काही वाटत नाही. ओल्या कडब्याचा वास आला की मात्र तळहात घामेजतात. पिशवीची नाडी ओढून बसली की ती सोडवत बसत नाही, कात्रीने कापते. घरात तीन कात्र्या आहेत, एक उशीखाली. त्या कात्र्यांचं कारण चार भाग सांगू नका. वाचक तुमच्या पुढे पळेल, पळू द्या.

अशा त्रासाला पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1980 मध्ये आलं. झोपेत तेच ते दिसणं, त्या जागा टाळणं, सतत कान टवकारलेले, मन बधिर, आणि हे महिनाभराहून जास्त टिकणं. तेवढं पक्कं ठेवा. पुरातून वाचलेल्या प्रत्येकाला हे होत नाही, बहुतेक लोक हळूहळू सावरतात. म्हणून सुमनच्या बहिणीला त्याच पुरातून सहीसलामत बाहेर काढा. दोघींच्या फोनवरच्या बोलण्यातून जे कळतं ते पानभर मनोविश्लेषणातून कळणार नाही.

पावणा कुठला, ते घावाकडे बघून ठरवा

सहा फुटी निळा पैलवान नको. तो आला की उचलून नेणार, वाचवणार, आणि आपण परत कपाळ-हात-प्रकाशावर येणार. ज्याला वाचवताच येत नाही असा घ्या.

माझा पावणा गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेल्या चार चंद्रांपैकी हा एक. वर बर्फाचं कवच, शास्त्रज्ञांच्या अंदाजाने 15 ते 25 किलोमीटर जाड, आणि त्याखाली खारा समुद्र, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुपटीहून जास्त पाण्याचा. तिथला जीव अजून कुणी पाहिलेला नाही, म्हणजे आपल्याला रान मोकळं. ज्याच्या जगात पाण्याशिवाय काही नाही त्याच्यावर पुरातल्या बाईने जीव लावायचा. कथेचं भांडण तिथेच तयार झालं. ती त्याला पावणं म्हणते, कारण त्याचं नाव म्हणजे दाबाची एक लाट आहे, तोंडाने उच्चारता येत नाही.

अंतराचा तर पुरेपूर फायदा उठवा. गुरू आपल्यापासून कुठे आहे त्यावर अवलंबून तिथून संदेश यायला 33 ते 54 मिनिटं लागतात. म्हणजे सुमनने विचारलं आणि उत्तर आलं, यात एक तास ते पावणेदोन तास जातात. धसकलेल्या बाईसाठी याहून चांगला प्रियकर नाही. तिला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. तो दारात उभा नाही. मेसेज वाचला का म्हणून निळ्या खुणा बघत बसलेला नाही. भाकऱ्या करून, भांडी घासून मग ती त्याचं बोलणं ऐकते. पहिले दहा भाग त्याला तिथेच ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट उरकून टाकते: खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी फार लांब जात नाहीत, तेव्हा बर्फातून वर येणारी एखादी तार दाखवा. सुमनच्याच फोनवर संदेश का आला, हे एका वाक्यात उडवलंत तरी चालेल. प्रेमकथेचा वाचक अँटेनाचा हिशोब मागत नाही.

आधी पाय टेकू द्या

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. कथेला याहून चांगला सांगाडा मला मिळालेला नाही. फक्त त्याला जिन्याच्या पायऱ्या समजू नका. सुमन तिसऱ्यावरून पहिल्यावर घसरते, तिथून दुसरा न घेताच परत तिसऱ्यावर.

पहिला टप्पा लिहायला कंटाळवाणा वाटतो, कारण काही घडत नाही. पण याच्यावरच सगळं उभं आहे. सुमन बेळगावात, वडगावच्या एका विणकराच्या घरात वर भाड्याने राहते. खोलीला आतून कडी आहे. पगार वेळेवर होतो. झोप पाच तासांवर आली. पावणा काय करतो? सूर्याच्या आड गुरू जातो तेव्हा काही दिवस संपर्क तुटतो, साधारण दर तेरा महिन्यांनी. हे आधी सांगायचं काम त्याचं. पुराच्या रात्री सुमनचा फोन मेला होता, म्हणून शांतता तिला फार महाग पडते. तो महिनाभर आधीपासून सांगतो: अमुक तारखेपासून मी दिसणार नाही, अमुक तारखेला येईन. आणि त्या तारखेला येतो. तारीख पाळणारा नायक म्हणजे रोमान्स कसला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या मालिकेतल्या ‘मी आलो’ एवढ्याच मजकुराच्या भागाखाली जेवढ्या बायकांनी लिहिलं तेवढं चुंबनाच्या भागाखाली लिहिलं नव्हतं.

नंतर त्याला पृथ्वीवर आणा, हवं तर. प्रवास लांबचा आहे; नासाचं युरोपा क्लिपर यान 14 ऑक्टोबर 2024 ला निघालं आणि 2030 मध्ये तिथे पोचायचं आहे, त्यावरून अंदाज घ्या. मी त्याला हातभर लांबीचा केला आणि वडगावच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत, दाबाच्या कवचासकट, ठेवला. पाण्यात त्याचं वजन तोललं जातं. टाकीबाहेर मात्र तो इथे तिथल्यापेक्षा साडेसातपट जड होतो, एक बोटही उचलवत नाही. म्हणजे त्याचा जीव सुमनच्या हातात. वाचवणारी कोण आणि वाचणारा कोण, हे इथे आपोआप उलटलं, भाषण करावं लागलं नाही.

थोडं हसूही येऊ द्या. दुःखाच्या कथेत विनोद केला तर पाप लागत नाही. घरमालकीण मावशी जिन्यातून ओरडते:

“अगे सुमन, मी दोनदा मोटर लावलो, टाकी भरली, खरं खाली पाणीच येईना की!”

पावणं आउटलेटवर बसलेलं असतं. सुमनने पाण्यात हात घालावा, असं त्याने विचारलेलं असतं. ती वर जाऊन म्हणते:

“पावणं, जरा सरका. आणि त्या हाताचं आज नको. उद्या बघू.”

“तुमचा उद्या की माझा?”

युरोपाचा दिवस आपल्या साडेतीन दिवसांचा. ती हसते आणि म्हणते, “तुमचा.” तिला साडेतीन दिवस मिळाले. परवानगी कशी मागावी यावर मला एवढंच म्हणायचं आहे.

आठवण: क्रियापदाचा काळ सांभाळा

दुसरा टप्पा. इथे लेखक लोक रडारड लिहितात आणि थकतात. मला एक साधी युक्ती सापडली आहे. धक्क्याची आठवण ही आठवण नसते, ती चालूच असते. म्हणून सुरुवातीच्या भागांत पुराची रात्र वर्तमानकाळात लिहा, तुटक:

“दावं फुगलंय. गाठ बोटात येईना. पाणी कमरेला. म्हैस मान वर करून बघाल्या. विळा कुठं हाय. विळा कुठं हाय.”

प्रत्येक वेळी हेच तुकडे, याच क्रमाने, आणि विळ्यापाशी तुटणार. सुमनला दोष इथेच चिकटलाय: विळा घेऊन गेले असते तर. मग जसजसं ती हे सांगत जाईल तसतसे तुकडे सांधू द्या, काळ मागे सरकू द्या, आणि चौकट रुंद करा. आधी फक्त गाठ दिसत होती, आता गोठा दिसतो, मग माणसं दिसतात:

“दावं फुगलेलं. विळा माळ्यावर होता आणि जिना पाण्यात गेलेला. आप्पा ओरडले, सोड ती, वर ये. मी अजून एकदा ओढून बघितलो. मग वर आलो.”

(आमच्याकडे बाई ‘आलो’च म्हणते. कुणी संपादक ‘आले’ करेल, तुम्ही परत ‘आलो’ करा.)

माळा, जिना, आप्पांची हाक, हे सगळं त्या रात्रीही होतं. पण तेव्हा तिला फक्त गाठ दिसत होती. उपचारातही असंच चालतं. एका पद्धतीत तर समुपदेशक त्या माणसाला डोळे मिटून, वर्तमानकाळातच, तीच घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, ते ध्वनिमुद्रित करून घरी ऐकायला देतात. टाळत राहिलं की भीती तशीच टिकते, म्हणून.

आणि हो, तिला माणसांकडे पाठवा. पावणा कितीही गोड असला तरी तो तिचा डॉक्टर नाही. माझी सुमन लाल बसने कित्तूरवरून धारवाडला जाते, डिमहॅन्समध्ये, सरकारी मानसोपचार संस्था आहे. समुपदेशक कन्नड बोलणाऱ्या. सुमनला कन्नड येतंच, तिच्या गावात कुणाला येत नाही? मराठीत ती दाव्यापाशी अडकते, कन्नडमध्ये मात्र सगळं सांगून मोकळी होते, कारण त्या भाषेत ती कधी रडलेली नसते, आईची हाक त्या भाषेत नसते. दुसऱ्या भाषेत दुःख सांगताना धार बोथट होते, हे दुभाषी लोकांच्या उपचारांत दिसलेलं आहे. पण बोथट करून भागत नाही. काही भेटींनंतर बाई तिला म्हणतात, आता मराठीत सांग, मला समजतं. सीमाभागातल्या लेखकाच्या हातात ही गोष्ट आयती आहे. इथे दोन भाषांचं भांडण लिहायचा मोह होईल. त्याला पुष्कळ जागा आहेत, समुपदेशकाची खोली ती जागा नव्हे.

मग पावणा कशाला? अडाणी प्रश्नासाठी. त्याच्या समुद्रात दोर नाहीत. तो विचारतो, गाठ म्हणजे काय. सुमन बाजारातून तागाचं दावं आणते, टाकीच्या कडेला बसून गाठ मारते, एका झटक्यात सोडून दाखवते. परत मारते, ओढून घट्ट करते आणि टाकीत सोडते. सकाळी दोर फुगलेला. ती ओढते, नखाने उकरते, दाताने धरते, तोंडात तागाचे तूस येतात. गाठ जागची हलत नाही. तो आपल्या बारीक बारीक बोटांनी बघतो, त्यालाही जमत नाही. तो म्हणतो, “ही सुटत नाही.” ती म्हणते, “नाही सुटत.” प्रसंग इथे संपवा. ‘तुझी काही चूक नव्हती’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालू नका. आप्पा, बहीण, मावशी, डॉक्टर सगळ्यांनी ते आधी म्हणून झालंय.

घसरण

ऑगस्ट जवळ येतो. राकसकोप धरण भरल्याची बातमी येते, पेपरात रोज कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते छापून येतं. सुमन आकडे वाचते. अशा वर्षदिनाच्या सुमाराला जुना त्रास उसळतो, हे वाचकाला सांगू नका, दाखवा. आणि घसरणीची किंमत कुणाला तरी मोजू द्या. माझ्या कथेत पावसाच्या रात्री टाकी भरून वाहायला लागते, सुमन अर्धवट झोपेत गच्चीवर जाते आणि खालचा वॉल्व्ह उघडते. टाकी रिकामी. पावणा तळाशी, साडेसातपट वजनाखाली चेपलेला. सकाळी मावशी मोटर लावते म्हणून वाचतो.

इथे त्याला मोठ्या मनाचा करू नका. लगेच क्षमा करणारा नायक हाही निळाच प्रकाश. तो घाबरला आहे. तो म्हणतो, काही दिवस मला खालच्या विहिरीत ठेवा. ती ठेवते. रोज संध्याकाळी कठड्याशी येऊन बसते, बोलत नाही. पावसाळा ओसरल्यावर तो स्वतः टाकीत परत यायचं म्हणतो. मधले भाग छोटे ठेवा. इथे पाल्हाळ लावला की वाचक गळतात, मी अनुभवाने सांगते.

जवळीक

यावर फार लिहीत नाही. जिने सोसलंय तिच्या अंगाला ‘हो’ म्हणायची सवय नव्याने लागते, आणि ‘हो’ म्हणून मधेच ‘थांब’ म्हणायचीही. तेव्हा मधेच थांबलेला एक प्रसंग हवाच, आणि थांबल्यावर कुणी रुसायचं नाही. माझ्याकडे सुमन मनगटापर्यंत हात पाण्यात घालते, तो दाबाची लाट सोडतो, ती हात काढते, पुसते, परत घालते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचं तेही तिलाच ठरवू द्या. शृंगार यापुढे जितका हवा तितका रंगवा, तुमचे वाचक तुम्हाला माहीत.

शेवट आणि कच्चा खर्डा

सुमनला पूर्ण बरी करू नका. तिसऱ्या टप्प्यात ती पंचमीला माहेरी जाते, बहिणीच्या पोरीला झोका देते, स्वतः बसत नाही, गोठ्याकडे जात नाही, मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीने परत येते. कात्र्या दोन राहिल्या आहेत. लग्नाचं बघू.

खर्डा झाला की पुराचे भाग वेगळे काढून, पूर पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या, पण आधी विचारून, आणि काय आहे ते सांगून. ती नको म्हणाली तर कारण विचारू नका. प्रत्येक अशा भागाच्या वर एक ओळ टाका की यात पुराचं वर्णन आहे. खाली टेली-मानसचा क्रमांक टाका, 14416. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली, मनाच्या त्रासासाठी फोनवरची फुकट सेवा आहे, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. माझ्याकडे टाइपिंगला आलेल्या अशा मालिकांत मी ती ओळ विचारून घालते, तिचे पैसे लावत नाही.